बस्टरवरून थेट बुकवर्म, तेही सहीशिवाय

आमच्या वाचनालयाचा कोहा (वाचनालय सांभाळायचं सॉफ्टवेअर) सर्व्हर डेबियन लिनक्सच्या १० व्या आवृत्तीवर, म्हणजे बस्टरवर, वर्षानुवर्षं निमूट चालला होता. तिथे मदतीला येणाऱ्या कॉलेजच्या मुलाने तो एकदम डेबियन १२ वर, बुकवर्मवर, न्यायचं मनावर घेतलं. मधलं बुल्सआय, म्हणजे डेबियन ११, गाळलं. एका वेळी एकच आवृत्ती चढा, असं रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. पण रिलीज नोट्स वाचणारे आणि अपग्रेड करणारे हे दोन वेगळे समाज आहेत.

ग्रंथपाल ताईंचा फोन आला. "दादा, लॉगिनच होत नाहीये. पासवर्ड बरोबर आहे हो, मीच टाकलाय."

लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, डिस्क माउंट केली आणि सगळ्यात आधी स्पूल फोल्डरमधले कोहाचे बॅकअप बाहेर काढून घेतले. मग शेलची हिस्टरी उघडली. सोर्सेस लिस्टमध्ये, म्हणजे पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीत, बस्टर पुसून बुकवर्म. अपडेटला 'नो पबकी' (सही तपासणारी की सापडली नाही), कारण अशा कीज ठेवणारं कीरिंग पॅकेज २०१९ चंच राहिलेलं, त्यात पुढच्या आवृत्त्यांच्या कीज कुठून असणार? सिक्युरिटीच्या ओळीला ४०४, कारण बुल्सआयपासून 'अपडेट्स' जाऊन तिथे 'बुकवर्म-सिक्युरिटी' अशी नावं आली. ती ओळ त्याने बंद केली, मुख्य ओळीत कुठूनतरी उचललेलं 'ट्रस्टेड इक्वल्स येस' (सही न तपासता विश्वास ठेव) घातलं आणि फुल-अपग्रेड सोडून दिलं.

या 'येस'चा मला मनस्वी राग आहे. एपीटीत, म्हणजे डेबियनच्या पॅकेजं आणणाऱ्या साधनात, सही असते ती रिलीज फाइलवर. तिच्यात पॅकेजांच्या याद्यांचे हॅश, म्हणजे फाइलींचे ठसे, याद्यांत प्रत्येक डेब (पॅकेज) फाइलचा हॅश. सहीच तपासायची नाही म्हटल्यावर बाकीच्या हॅशना काय अर्थ? मिरर, म्हणजे पॅकेजं जिथून उतरतात तो सर्व्हर, साध्या एचटीटीपीवर असेल तर वाटेत कुणीही काहीही हातात ठेवावं. एररमधला आयडी घेऊन की-सर्व्हरवरून की ओढा, हा दुसरा लाडका सल्ला. तिथे कुणीही कुणाच्याही नावाने की चढवू शकतो, आणि आठ अक्षरी छोटा आयडी जुळणाऱ्या नकली कीज सहज बनतात हे २०१४ मध्येच दाखवून झालंय.

माझ्या पेनड्राइव्हची इमेज मी सही तपासून उतरवली होती, म्हणून तिच्या एपीटीवर विसंबता येत होतं. तिथूनच डेबियन-आर्काइव्ह-कीरिंग आणि लिबक्रिप्ट-१ ही पॅकेजं घेतली.

लिबक्रिप्ट कशाला? लॉगिन तिथेच अडकलं होतं. बस्टरमध्ये पासवर्डचे हॅश काढणारी ही लायब्ररी लिबसी-६ या मूळ लायब्ररीच्या पोटात असायची, बुल्सआयपासून ती वेगळी झाली. नवी लिबसी बसली, जुनी लिबक्रिप्ट गेली, आणि वेगळं पॅकेज यायच्या आत अपग्रेडला लागणारं पर्ल कोसळलं. पासवर्ड तपासणाऱ्या पॅमलाही हीच लायब्ररी लागते, त्यामुळे ताईंचा बरोबर पासवर्डही नाकारला जात होता. डेब फाइल टेंपमध्ये उलगडून फक्त लायब्ररीच्या फाइली जागेवर कॉपी केल्या. (थेट रूटवर उलगडू नका, सिमलिंक मोडायची भीती असते.) मग सीएचरूट करून (पेनड्राइव्हवरून डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरून) कीरिंग बसवलं, 'ट्रस्टेड' पुसलं, सिक्युरिटीची ओळ नीट केली, वायफायसाठी नॉन-फ्री-फर्मवेअर हा विभाग जोडला. अपडेट मुकाट्याने पार पडलं.

अपग्रेड मध्येच मेल्यामुळे सहीविना आलेल्या डेब फाइली कॅशमध्ये पडून होत्या. एपीटी क्लीन मारलं. मग फिक्स-ब्रोकन आणि फुल-अपग्रेड. डेबियनमध्ये मागे फिरायची सोय नाही, पुढेच जायचं. आधीच बसून गेलेली पॅकेजं, ती बसवणाऱ्या डीपीकेजीच्या लॉगमधून शोधून पुन्हा इन्स्टॉल केली. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळे टाळतात.

कोहाच्या रिपॉझिटरीची, म्हणजे पॅकेजांच्या कोठाराची, की निराळी. ती कीरिंग्ज फोल्डरमध्ये ठेवून 'साइन्ड-बाय'ने फक्त कोहाच्या ओळीला बांधली. ट्रस्टेड फोल्डरमध्ये टाकलेली की कुठल्याही रिपॉझिटरीला चालते. कोहाच्या कीने उद्या कर्नेलही आत आला असता. मारियाडीबी हा डेटाबेस १०.३ वरून १०.११ वर गेला, त्याने फारसा त्रास दिला नाही.

मुलगा आता विचारतोय, डेबियन १३ कधी करायचं? ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रिक्सी आलंय खरं, आणि त्यात कीज जोडायची एपीटी-की ही कमांडच उरलेली नाही, म्हणजे त्याने जमवलेले निम्मे नुस्खे बाद. आधी बुकवर्मचं कीरिंग अद्ययावत कर आणि मला दाखव, एवढंच सांगितलंय.