कानबाईला जाताना कानात काँगो स्क्वेअर

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची खान्देशातली देवी कानबाई बसते, आणि सुरतेतला निम्मा खान्देश शनिवारीच भुसावळच्या गाडीला लटकतो, हे माहीत नसलेल्या माणसाने त्या दिवशी उधना स्टेशनला पाय ठेवू नये. लूमवर काम करणारी पोरं, कडेवर लेकरं, पिशव्यांमधून डोकावणाऱ्या नवीन साड्या, आणि डब्यात चढल्या चढल्या जी अहिराणी सुरू होते ती थेट गाव येईपर्यंत. मला खिडकी मिळाली नाही, दाराजवळची जागा मिळाली, ती खरं तर जास्त भारी.

गाणी ऐकायची म्हणून विन्टन मार्सालिसचा 'काँगो स्क्वेअर' डाऊनलोड करून ठेवला होता. हा माणूस अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा, 1961 चा जन्म, ट्रंपेट वाजवतो, आणि हा अल्बम म्हणजे त्याने आपल्या शहरासाठी मांडलेली पूजाच म्हणा ना. काँगो स्क्वेअर ही तिथली खरीखुरी जागा आहे. गुलाम म्हणून आणलेली आफ्रिकन माणसं रविवारी तिथे जमायची, ढोल वाजवायची, नाचायची, बाजारही भरायचा. 1817 साली शहराने कायदाच केला की गुलामांनी जमायचं ते फक्त रविवारी आणि ठरवून दिलेल्या जागीच. मार्सालिसने काय केलं, तर एका बाजूला आपला बिग बँड बसवला, म्हणजे ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन यांची अख्खी फौज, आणि दुसऱ्या बाजूला घानाचे ढोलवादक याकूब अ‍ॅडी आणि त्यांचं 'ओडाडा' पथक. दोघांनी मिळून रचना केली आणि 2006 मध्ये ती पहिल्यांदा वाजली ती न्यू ऑर्लिन्समध्ये, त्याच चौकात. कतरिना वादळाने शहर बुडवलं त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

आणि 2006 च्याच ऑगस्टमध्ये उकाई धरणाचं पाणी सोडलं आणि तापीने सुरत बुडवली. बाजूला बसलेल्या काकांना तेवढं सांगितलं तर ते लगेच लिंबायतला त्या वेळी घरात कुठवर पाणी होतं ते भिंतीवर हात लावल्यासारखं दाखवायला लागले, त्यात नवापूर कधी गेलं (अर्धं स्टेशन गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात) कळलंच नाही.

अल्बम दोन सीडींचा आहे, नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा करत अमळनेर येईपर्यंत पूर्ण झाला. सगळाच आवडला असं नाही. मध्ये मध्ये बँड फारच टापटीप वाजतो, सूट घालून शेतात आल्यासारखा. पण ढोल पुढे येतात आणि ट्रंपेट त्यांच्या मागे धावायला लागतात तिथे मात्र अंगावर काटा येतो.

गाव बोरीच्या काठाला. रविवारी नैवेद्याचे रोट झाले, रात्रभर गाणी, जागरण, हे खान्देशात कुणाला सांगायला नको. खरी मजा सोमवारी सकाळी. मोठी मायने कानबाई डोक्यावर घेतली, गल्लीगल्लीतून बाकीच्या कानबाया येऊन मिळाल्या, पुढे बँड, आणि बँडच्या पुढे बायांच्या फुगड्या. न्यू ऑर्लिन्समध्ये मिरवणुकीत बँडच्या मागून जे लोक नाचत चालतात त्यांना सेकंड लाईन म्हणतात, आपल्याकडे ही लाईन मागे राहतच नाही, ती बँडला मागे ढकलत ढकलत चालते, वीस पावलांना अर्धा तास.

मी मुद्दाम ट्रंपेटवाल्याच्या शेजारून चाललो होतो. एका व्हॉल्व्हला रबर बांधलेलं, ओठ सुजलेले, दोन गाण्यांच्या मधे ट्रंपेट खाली करून नळीतलं पाणी झटकायचा, शर्टाला तोंड पुसायचा आणि लगेच वरचा सूर, तोही असा की कॅशिओ आणि भोंगे दोन्ही दबले पाहिजेत. ही ताकद कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. तरी आमच्याकडे बँड म्हणजे लग्नाच्या खर्चातली एक ओळ, जेवणाच्या खालची. हेच लोक स्टुडिओत नेऊन, नीट माईक लावून, कानबाईची मिरवणूक सुरुवातीपासून विसर्जनापर्यंत कुणी रेकॉर्ड केली पाहिजे, सिनेमाची गाणी न घालता. पैसे लागतील, हो, पण डीजेला देतोच की.

नदीवर विसर्जन झाल्यावर बँडवाले लिंबाखाली चहा पीत बसले होते. मी बँडमास्तरांच्या कानात इयरफोन घातले आणि ढोलांचा भाग लावून दिला. त्यांनी डोळे मिटले नाहीत, वा वा केलं नाही, मांडीवर बोटांनी ठेका मात्र पकडला आणि बराच वेळ सोडला नाही.

"ढोल भारी शे भो," इयरफोन काढत म्हणाले, "पन बाजावाला भलता थांबी थांबी वाजाडस."

मग चहाचा ग्लास खाली ठेवून विचारलं, "सुपारी कितली लेतस या?"