तुम्ही विचारलंत म्हणून: वडिलांना काही आठवेनासं झालं, तर कुलमुखत्यारपत्र (त्यांच्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार) चालतं का?

भारतात नाही चालत. १८७२च्या करार कायद्याचं कलम २०१ सांगतं की, अधिकार देणारा वारला किंवा त्याची समज गेली की मुखत्यारी संपते. दस्त नोंदवलेला असला तरी तेच. 'मी अक्षम झालो तरी हे पत्र लागू राहील' असं वाक्य काही जण घालून घेतात. त्याच्या भरवशावर राहू नका. समज गेल्यावरही टिकणारं पत्र काही देशांत करता येतं, आपल्याकडे तशी सोय नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही मालमत्तेसाठी पालक नेमण्याची तरतूद नाही. त्यामुळे असा पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि डॉक्टरी तपासणीपासून सगळं त्यात येतं. म्हणून स्मृतिभ्रंशाचं निदान होताच, वडील अजून नीट बोलतात तोवर, खाती आणि नामनिर्देशन आवरून घ्यावं.

मग पत्राचा उपयोग कधी? माणूस अंथरुणाला खिळलाय, परदेशात आहे किंवा हात थरथरतो म्हणून सही जुळत नाही, पण डोकं शाबूत आहे, तेव्हा.

पत्र अडतं ते बहुधा मजकुरावर. 'माझे सर्व व्यवहार पाहावेत' हे वाचायला भारदस्त, काउंटरवर मात्र निरुपयोगी. मुखत्यारपत्राचा अर्थ न्यायालयं काटेकोर लावतात, बँकाही तसाच. खाते क्रमांक, मुदतीपूर्वी ठेव मोडणं, लॉकर उघडणं, म्युच्युअल फंडाचे युनिट विकणं हे एकेक लिहा. म्युच्युअल फंडात किंवा डीमॅट खात्यात नॉमिनी नेमण्याचा अधिकार मुखत्याराला नसतो. ती सही वडिलांचीच. बँकेत मूळ दस्त दाखवून साक्षांकित प्रत द्यायची, सोबत तुमचं केवायसी आणि सहीचा नमुना. प्रत्येक बँकेत हे वेगळं करावं लागतं. गरज पडण्याआधीच करून ठेवा.

सही स्वतःचीच करायची, खाली 'अमुक यांच्यातर्फे कुलमुखत्यार' असं लिहून. वडिलांच्या सहीची नक्कल म्हणजे सरळ गुन्हा. त्यांचं एटीएम कार्ड आणि ओटीपी वापरणं हेही मुखत्यारीत बसत नाही, घरोघरी चालत असलं तरी.

हिशेबाचं मात्र कोणी मनावर घेत नाही. करार कायद्याच्या कलम २१३नुसार मागितल्यावर हिशेब द्यावाच लागतो. वडील मागणार नाहीत, पण पुढे भावंडं मागतात. एक वही पुरते: तारीख, रक्कम, कोणाला, कशासाठी, पावती. त्यांचे पैसे तुमच्या खात्यात एक दिवसही ठेवू नका. स्वतःला उसने घेणं, नातवाला भेट देणं, बहिणीच्या घराला हातभार लावणं, यांतलं काहीही पत्रात लिहिलेलं नसेल तर करू नका.

मृत्यूनंतर तर अंत्यविधीसाठीही त्या खात्यातून पैसे काढता येत नाहीत. खर्च स्वतःच्या खिशातून करून पावत्या जपा. तो पुढे मालमत्तेतून मागता येतो.