जर्सी संघाची, बिल कोणाच्या नावावर?

आमचं युनिट भोसरीत आहे. खेळाचे कपडे शिवतो आणि छापतो. सुरुवात स्क्रीन प्रिंटिंगची. गणपती मंडळांचे टी-शर्ट, कारखान्यांच्या सुरक्षा सप्ताहाच्या टोप्या, शाळांचे हाऊसचे रंग असलं काम. पुढे पॉलिस्टरवर सब्लिमेशन आलं, म्हणजे कागदावर छापलेला रंग उष्णतेने कापडात उतरवायचा. त्यासाठी कर्ज काढून कॅलेंडर मशीन, म्हणजे तापलेल्या रोलरचं प्रेस घेतलं आणि एका जर्सीवर हवे तितके रंग, हवी तितकी नावं छापता यायला लागली. धाकटा भाऊ मशीन आणि डिझाइन बघतो, बायको हिशेब आणि जीएसटी. माझ्याकडे गिऱ्हाईक आणि वसुली.

पुण्यात हा धंदा करणाऱ्याला संघांचे जन्म-मृत्यू फार जवळून दिसतात. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये पुणे एफसी हा फुटबॉल क्लब काढला. चांगला क्लब, २०१२-१३ च्या आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये दुसरा आला. सहाराने २०१० मध्ये ३७ कोटी डॉलर मोजून आयपीएलचा पुणे वॉरियर्स घेतला, तो २०१३ मध्ये संपला. शिवाजीयन्स हा जुना फुटबॉल क्लब डीएसके समूहाने २०१३ मध्ये हाती घेतला, २०१७ नंतर तोही आय-लीगमध्ये दिसला नाही. कल्याणी समूहाचा भारत एफसी जेमतेम एक हंगाम खेळला. वाधवान समूहाचा एफसी पुणे सिटी २०१४ ला आला, २०१९ ला गेला आणि आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग, फुटबॉलचीच) त्याची जागा हैदराबादला मिळाली. बालेवाडीचं मैदान तिथेच, प्रेक्षक तेच. बदलले ते मालक. एवढं बघितल्यावर नवा संघ आला म्हणून कापडाचे तागे भरून ठेवायची हौस राहत नाही.

मालक म्हणजे नेमका कशाचा मालक, हे लोकांना फारसं माहीत नसतं. स्टेडियम संघटनेचं किंवा सरकारचं, खेळाडू लिलावातून ठरावीक हंगामांसाठी आलेले, प्रक्षेपणाचे हक्क लीगकडे. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटींना गेले, पण तो सौदा बीसीसीआयने केला. संघांना त्यातला वाटा मिळतो. मालकाच्या हातात उरतं ते शहराचं नाव वापरायचा करार, तिकिटं, जर्सीवरची जाहिरातीची जागा आणि टोप्या-टी-शर्ट. हा करार एका खासगी कंपनीच्या नावावर असतो. त्या कंपनीचं नाव कित्येकदा संघाच्या नावाशी अजिबात जुळत नाही.

सगळ्यात गमतीचा व्यवहार रायझिंग पुणे सुपरजायंट्सचा. चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षं बाहेर बसले, म्हणून २०१६ आणि २०१७ पुरते दोन संघ हवे होते. बोली उलटी होती: बीसीसीआयकडून कमीत कमी पैसे घेईल त्याला संघ. संजीव गोयंका यांच्या कंपनीने उणे १६ कोटींची बोली लावली. म्हणजे बीसीसीआयकडून घ्यायचं काही नाही, वर दरवर्षी १६ कोटी आपणच द्यायचे! दोनच वर्षांचं आयुष्य असलेल्या संघासाठी. व्यापारी माणूस आहे, हिशेब केला असेलच. आमच्यासारख्याला मात्र तेव्हा कळलं की संघ कमाईसाठीच घेतात असं नाही, ओळख आणि जाहिरात यांच्यासाठीही घेतात.

त्या संघाने आमच्या धंद्याची चांगलीच झोप उडवली. धोनी पुण्याचा म्हटल्यावर २०१६ च्या उन्हाळ्यात जांभळ्या टी-शर्टना मागणी आली. सोसायट्या, कॉलेजं, आयटी कंपन्यांतले ग्रुप सगळे मागत होते. इतक्यात दुष्काळावरून प्रकरण कोर्टात गेलं आणि उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. लातूरला रेल्वेने पाणी जात होतं, त्यामुळे निर्णयावर कुरकुर करायला जीभ उचलत नव्हती. संघ विशाखापट्टणमला गेला आणि मे महिन्यासाठी कापून ठेवलेला जांभळा माल आमच्याकडे राहिला. पुढच्या वर्षी कप्तान बदलला, नावातला शेवटचा ‘स’ गेला आणि संघ अंतिम सामना मुंबईकडून एका धावेने हरला. मग करार संपला.

आणि २०१८ मध्ये कावेरीच्या वादामुळे चेन्नईचे घरचे सामने पुण्याजवळ गहुंजेच्या स्टेडियमवर आले. ध्यानीमनी नसताना पिवळ्याची लाट. चेन्नईहून चाहत्यांची खास रेल्वेगाडी पुण्याला आली होती. पिंपरी-चिंचवडमधल्या तमिळ मंडळींचा एक गट आमच्याकडे आला. पाठीवर सात नंबर आणि ज्याचं त्याचं नाव, तेही तमिळ लिपीत. भावाने अक्षरं संगणकावर बसवली, पण बरोबर की चूक हे सांगणार कोण? शेवटी त्यांच्यातलेच एक काका प्रूफ तपासायला येऊन बसले, प्रत्येक नाव मोठ्याने वाचून मगच मान डोलवायचे. पिवळ्याची शेडही त्यांनीच पास केली. प्रेसमधून निघाल्यावर रंग कागदापेक्षा गडद होतो, म्हणून तीन पट्ट्या छापून दाखवाव्या लागल्या.

एक खुलासा करतो. संघाचा लोगो आम्ही छापत नाही. तो हक्क अधिकृत परवाना घेणाऱ्याचा. परवान्याचा विचार आम्हीही केला होता. विक्रीवर रॉयल्टी असते, शिवाय विक्री होवो न होवो, एक किमान रक्कम द्यावीच लागते. कोणता खेळाडू कोणत्या संघात हे लिलावानंतर कळणार, हंगाम दोन-तीन महिन्यांत उरकणार आणि उरलेल्या मालावरचं नाव पुढच्या वर्षी दुसऱ्याच संघात गेलेलं असणार. आमच्या भांडवलाला हे पेलणारं नव्हतं. रंग, शहराचं नाव आणि गिऱ्हाईकाचं नाव एवढ्यावर आमचं भागतं.

खरा हात दिला तो कबड्डीने. आनंद महिंद्रा आणि चारू शर्मा यांच्या मशाल स्पोर्ट्सने २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू केली तेव्हा आठ संघ होते. पहिल्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू राकेश कुमार, १२.८० लाखांना. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला २.६०५ कोटी मिळाले. मधल्या काळात स्टारने २०१५ मध्ये मशालमधला ७४ टक्के हिस्सा घेतला. म्हणजे लीग आणि ती दाखवणारं चॅनेल एकाच घरात आलं. दररोज रात्री घराघरात कबड्डी दिसायला लागली ती त्यामुळे, असं माझं मत.

त्या लीगमधल्या पुण्याच्या संघाचे, पुणेरी पलटणचे मालक, म्हणजे इन्शुअरकोट स्पोर्ट्स ही कंपनी, पहिल्या हंगामापासून टिकून आहेत. एवढे संघ गेलेल्या शहरात ही साधी गोष्ट नाही. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ ने हरवून पलटणने पहिलं विजेतेपद मिळवलं, आणि त्या आठवड्यात आमच्याकडे नारिंगी कापड संपलं.

पण पलटणच्या जर्सीपेक्षा मोठा धंदा गावांनी दिला. खेड, जुन्नर, मावळातली मंडळं पूर्वी साध्या बनियनवर नंबर छापून न्यायची. त्यांना आता ‘टीव्हीवर असते तशी’ जर्सी हवी असते. कबड्डीची जर्सी फुटबॉलसारखी सैल चालत नाही. कपडा धरून ओढणं नियमात बसत नाही, तरी झटापटीत बोटं अडकतातच. म्हणून ती अंगाला घट्ट लागते आणि घट्ट शिवली की काखेत उसवते. आमच्या कटिंग मास्तरांनी काखेत कळी, म्हणजे कापडाचा जादा तुकडा टाकून फ्लॅटलॉक ही चपटी शिलाई बसवली, कापड थोडं ताणणारं घेतलं. आता जर्सी परत येत नाहीत. या मंडळांचा मालक कोण? कधी सरपंच, कधी वाळूवाला, कधी दूध डेअरी. पाठीवर नाव त्यांचंच असतं आणि पैसे रोख.

आता वसुली. राज्याबाहेरच्या एका छोट्या लीगमधल्या संघाने आमच्याकडून किट घेतले. नाव लिहीत नाही. ऑर्डर संघाच्या व्यवस्थापकाची, बिल मात्र एका इव्हेंट कंपनीच्या नावावर मागितलं. हंगाम संपला, मालकाने संघाचे हक्क दुसऱ्याला विकले. नवा म्हणाला, ते देणं जुन्याचं. जुना म्हणाला, ते इव्हेंट कंपनीचं. इव्हेंट कंपनीकडे भाड्याचं ऑफिस आणि दोन टेबलं. दिवाळखोरीच्या कायद्याखाली अर्ज करावा तर मार्च २०२० पासून थकबाकीची किमान मर्यादा एक लाखावरून एक कोटी झालेली. आमच्यासारख्याचं कुठलं बिल कोटीचं असणार? लघुउद्योगांसाठीच्या समाधान पोर्टलवर तक्रार केली. कायदा ४५ दिवसांत पैसे द्या म्हणतो, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. तडजोडीत मुद्दल आलं, व्याज सोडलं.

तेव्हापासून बायकोची एक पद्धत आहे. कोटेशन देण्याआधी ती कंपनी निबंधकाच्या साइटवर नाव टाकते: कंपनी कधीची, संचालक कोण, भांडवल किती, कर्जाचा बोजा किती. संघाचा मालक आणि बिलावरचं नाव एक नसेल तर मालक कंपनीचं पत्र मागते. भल्याभल्यांच्या कपाळावर आठ्या येतात. येऊ देत. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले माल उचलताना.

हे पाहून वाटेल की आता मोठ्या संघांशी फटकून वागतो. तसं नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने महाराष्ट्र प्रीमियर लीग (एमपीएल) पुन्हा सुरू केली, त्यात पुणेरी बाप्पा संघ प्रवीण मसालेवाले यांनी तीन वर्षांसाठी १४.८ कोटींना घेतला. मालक इथलेच असले की बरं पडतं. पैशासाठी फोन करायचा तर नेमका कुणाला, हे माहीत असतं.

आणि मालक व्हायला कोटीच लागतात असंही नाही. वाकड, हिंजवडी, मोशीच्या सोसायट्यांत दर हिवाळ्यात प्रीमियर लीग होते. विंगप्रमाणे संघ, क्लब हाउसमध्ये लिलाव, प्रत्येक संघाला मालक. कुणी दंतवैद्य, कुणी क्लासवाला, कुणी मिठाईवाला. आयपीएलचे मालक जर्सीवरच्या जागेसाठी भांडत असतील तेवढंच हेही भांडतात. गेल्या हंगामात एका मालकाला छातीवर आपल्या दुकानाचं नाव, बाहीवर मेव्हण्याचं आणि पाठीवर दोघांचे फोन नंबर हवे होते. खेळाडूचं नाव कुठे टाकू विचारलं, तर म्हणाले, "जागा उरली तर टाका." डिसेंबर-जानेवारीत आमचं मशीन दोन पाळ्यांत चालतं ते अशांच्या जिवावर.

सध्या मुलींच्या कबड्डी संघांचं पॅटर्न बसवायचं काम चालू आहे. पुरुषांचंच माप लहान करून दिलं तर खांद्याला ओढतं आणि कमरेला वर सरकतं, अशी तक्रार आली होती. मास्तरांनी नमुने शिवून दोन शाळांच्या संघांना सरावासाठी दिलेत. एका बाईंनी बाही अर्धा इंच वाढवायला सांगितली आहे, दुसऱ्या म्हणतात आहे तीच बरी. दोन्ही शिवून ठेवणार आहोत.