तिसऱ्या पाण्याचा चहा

ऑफिसच्या कामासाठी दोन आठवडे तैवानात, शिंचूला होते. मधल्या शनिवारी तिथल्या सहकारी मैत्रिणीने विचारलं, "चहा पितेस ना?" पुणेकराला असं विचारतात का? मी हो म्हटलं आणि सकाळी सहाला तिने मला झोपेतून उठवून हायस्पीड रेल्वेत बसवलं. चियायीला उतरून पुढे बस. आलिशानचा घाट चढताना आधी सुपारीची झाडं, मग बांबू, आणि तेराशे मीटरच्या आसपास शिझुओ आलं तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना चहाच्या ओळी. आलिशानला लोक सूर्योदय आणि जंगलातली छोटी रेल्वे बघायला जातात. आम्ही दोन्ही बघितलं नाही.

हजार मीटरच्या वर पिकतो त्याला तैवानात 'उंच डोंगरावरचा चहा' म्हणतात. थंडी आणि रोजचं धुकं यामुळे कोंब सावकाश वाढतो, पान जाड होतं आणि कडवटपणा कमी राहतो. नोव्हेंबर होता, हिवाळ्याची तोडणी चालू होती. तोडणाऱ्या बाया सगळ्या पन्नाशी-साठीच्या, डोक्याला टोपी आणि तोंडाला फडकं. तर्जनीला चिकटपट्टीने दाढीच्या ब्लेडचा तुकडा बांधलेला. कोंब दोन-तीन पानांसकट, देठासकट, एका हिसक्यात टोपलीत. बोटं कशी शाबूत राहतात देव जाणे.

एका घरगुती कारखान्यात शिरलो. ताडपत्रीवर पानं उन्हात सुकत घातलेली, आपल्याकडे कुरडया घालतात तशी. मग ती आत नेऊन बांबूच्या सुपांवर पसरतात आणि रात्रभर अधूनमधून हलक्या हाताने उलथीपालथी करतात. त्यात पानांच्या कडा दुखावतात, तेवढ्याच लालसर पडतात, मधलं पान हिरवंच राहतं. ऊलाँग म्हणजे हेच : ना हिरवा चहा, ना आपला काळा, अधलामधला. योग्य वास आला की पान तापवून तिथेच थांबवायचं. ती वेळ मालकीणबाई नाकाने ठरवतात, आणि ती बहुधा पहाटे तीनला येते. पुढे पानं फडक्यात बांधून गाठोडं यंत्रात मळायचं, सोडायचं, तापवायचं, पुन्हा बांधायचं. हे इतक्या वेळा, की शेवटी पानाची घट्ट गोळी होते, साधारण हिरव्या मिऱ्यासारखी.

आता पिणं. मालकीणबाईंनी झाकणाच्या वाटीत जेमतेम दोन चमचे गोळ्या टाकल्या. कडकडीत आधण. पहिलं पाणी लगेच ओतून दिलं, तेव्हा माझा जीव हळहळला. दुसरं पाणी मिनिटभराच्या आत गाळून उंच, नळीसारख्या पेल्यात. त्यावर बुटका पेला पालथा घालून दोन्ही एकदम उलटे केले. चहा बुटक्यात उतरला आणि उंच, रिकामा पेला माझ्या हातात दिला. "पिऊ नकोस, आधी वास घे," मैत्रीण म्हणाली.

गरम असताना निशिगंध. थोडा निवल्यावर ताजं लोणी. अगदी गार पडल्यावर काकवीसारखं काहीतरी. रिकाम्या पेल्यात!

मग घोट घेतला आणि, खरं सांगते, निराशा झाली. रंग फिकट सोनेरी, चव जवळजवळ नाहीच. अमृततुल्यच्या कटिंगवर वाढलेली जीभ काहीतरी आदळण्याची वाट बघत होती. तिसऱ्या पाण्याला गोळ्या उलगडल्या, वाटी पानांनी भरून वर आली, आणि चहाला अंग आलं. पातळ असूनही तोंडात साय असल्यासारखा. गिळल्यावर क्षणभराने घशातून गोडवा वर आला. त्याला ते 'हुइगान' म्हणतात, परत येणारी गोडी. आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर जे होतं ना, तेच, पण फार हळू. सहाव्या पाण्यापर्यंत बाहेर धुकं उतरून समोरचा मळा दिसेनासा झाला होता आणि आम्ही तिघी गप्प होतो.

मध्ये 'जिनश्वान'ही चाखवला. ही 1981 साली तिथल्या संशोधन केंद्राने आणलेली जात. दूध न घालता दुधाचा वास येतो. पर्यटकांना फार आवडतो म्हणे. मला जरा लाडिक वाटला. मी जुन्या 'छिंगशिन' जातीचाच घेतला : 150 ग्रॅम, आठशे तैवानी डॉलर, म्हणजे आपले दोन हजारांच्या वर. आईला हा आकडा अजून सांगितलेला नाही.

घरी आल्यावर तिच्यासाठी केला. तिने चोथ्यातलं एक पान बोटाने ताटलीत उलगडलं, देठ बघितला, लाल कड बघितली. "पान छान आहे गं. पण चहा म्हणजे पालक उकडलेलं पाणी." दोन घोट घेऊन उठली. मी तिचा उरलेला पिऊन टाकला.

पाचेक मिनिटांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"काय गं, घशात हे गोड कशानं लागतंय?"

एका हातात आलं होतं, दुसऱ्यात किसणी.