दाट केसांच्या कुत्र्याची पावसाळ्यातली खाज

आमचा बादल गोल्डन रिट्रीव्हर आहे आणि पुण्यात पावसाळा सुरू झाला की त्याच्या कानामागे, मानेवर किंवा मांडीवर लाल, ओलसर चट्टा उठण्याची धास्ती घरात सगळ्यांनाच असते. ही जात मूळची स्कॉटलंडची. पाण्यात पडलेले सावज उचलून आणण्यासाठी तिची पैदास केली गेली, त्यामुळे वरच्या लांब केसांखाली मऊ, दाट केसांचा आणखी एक थर असतो. तो पाणी सहसा आत शिरू देत नाही, पण एकदा शिरलेले पाणी लवकर बाहेरही सोडत नाही. वरून हात फिरवला तर अंग कोरडे लागते. केस बाजूला करून कातडीला बोट लावले की तिथला दमटपणा आणि आंबूस वास लगेच कळतो.

या चट्ट्याला पशुवैद्य ‘हॉट स्पॉट’ म्हणतात. सकाळी रुपयाएवढा दिसणारा ठिपका कुत्र्याच्या चाटण्या-चावण्याने संध्याकाळपर्यंत तळहाताएवढा होऊ शकतो, कारण एरवी कातडीवर निमूट राहणारे जिवाणू सोललेल्या, ओल्या जागेत झपाट्याने वाढतात. डॉक्टर आधी भोवतालचे केस कापून जागा मोकळी करतात, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने स्वच्छ करतात, खाज थांबवणारे औषध देतात आणि चाटता-चावता येऊ नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर घालायला सांगतात. यातले केस कापणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण हवा लागल्याशिवाय ती जागा वाळतच नाही. हळद आणि खोबरेल तेलाचा लेप मायेने लावला जातो, पण तेलाने ओल आतच कोंडते आणि कुत्रा ती जागा आणखी चाटतो.

चट्टा बरा झाला म्हणजे दुखणे संपले असे मात्र नाही. तो पुन्हा पुन्हा उठत असेल तर मुळात खाज कशाने सुटते, हे शोधावेच लागते. पिसवांची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजक्या चाव्यांनीही असह्य खाज सुटते, म्हणून गोचीड-पिसवांचे औषध वर्षभर चालू ठेवावे आणि त्याची अंथरुणे गरम पाण्यात धुवावीत. कानामागचा चट्टा बऱ्याचदा कानाच्या आतल्या संसर्गामुळे उठतो, त्यामुळे डॉक्टरांना कानही तपासायला सांगावे. कातडीवरचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की जिवाणू आहेत की यीस्ट ही बुरशी, हे कळते आणि अंदाजाने प्रतिजैविके देण्याची वेळ येत नाही.

औषधी शॅम्पूचा फेस कातडीपर्यंत पोहोचवून सुमारे 10 मिनिटे तसाच ठेवावा लागतो; लगेच धुतला तर औषध वाया जाते. आंघोळीपेक्षाही जास्त वेळ वाळवण्याला द्यावा. टॉवेलने टिपून, थंड हवेचा ड्रायर केसांच्या मुळाशी धरून, काख, मांड्यांच्या आतली बाजू आणि पट्ट्याखालची मान पुन्हा तपासावी. ओल्या मानेवर पट्टा तसाच ठेवू नये. गळलेले आतले केस विंचरून काढले की हवा खेळती राहते. उन्हाळ्यात सबंध कुत्रा भादरून घेण्याचा सल्ला मात्र मला अजिबात पटत नाही, कारण त्याने उन्हापासूनचे संरक्षण जाते आणि केस पुन्हा नीट येतीलच असे नाही.

एवढे करूनही खाज बाराही महिने राहत असेल, तर खाण्यातल्या कशाची ॲलर्जी आहे का, हे तपासण्यासाठी डॉक्टर निदान 8 आठवडे ठरावीक आहार देऊन पाहतात. त्या काळात पोळीचा एखादा तुकडा किंवा चहाबरोबरचे बिस्किटही चालत नाही, आणि हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः आजी-आजोबांना, आधीच समजावून सांगावे लागते.