पानवलचा पूल १६०० पिक्सेलमध्ये

रत्नागिरीजवळचा पानवल पूल ६४ मीटर उंच. रेल्वे मॉडेलच्या एचओ म्हणजे १:८७ मापात तो साधारण साडेत्र्याहत्तर सेंटिमीटर होतो. एवढा देखणा पूल बनवायचा आणि पाठवण्यासाठी फोटो लहान करताना सरळ रुळांच्या जागी तुटक पायऱ्या दाखवायच्या, हे काही बरं नाही.

मूळ फाइल तशीच ठेवून कॉपीवर काम करा. आधी क्रॉप, मागची खिडकी न् पंख्याची वायर कापून टाका. मग जिंप या फोटो एडिटरमध्ये ‘स्केल इमेज’ उघडा, साखळीची खूण जोडलेली ठेवा, म्हणजे लांबी-रुंदीचं प्रमाण बिघडत नाही, आणि ४०००×३००० चं १६००×१२०० करा. इंटरपोलेशन, म्हणजे नवे पिक्सेल ठरवायची पद्धत, ‘नन’ असेल तर स्लीपर आणि गर्डरच्या बारीक रेघा तुटतात, खडीत नसलेले पट्टे उमटतात. ‘नोहेलो’ निवडा.

शार्पनिंग, म्हणजे कडा ठळक करणं, आकार बदलल्यावरच, तेही हलकं: अनशार्प मास्क, रेडियस ०.५, अमाउंट ०.५. जास्त केलंत की विजेच्या तारांना पांढरी किनार येते.

आपल्याकडचा खरा घोळ जांभ्याचा. जेपेग रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईने साठवतं. त्यामुळे डोंगर कापून केलेल्या लाल कटिंगच्या कडा हिरव्या झाडोऱ्यात फिसकटतात आणि दोष बिचाऱ्या लेन्सवर जातो. एक्स्पोर्ट करताना सबसॅम्पलिंग ४:४:४ ठेवा, म्हणजे रंगात ही काटछाट होत नाही; क्वालिटी ८५. फाइल थोडी फुगते, फुगू दे.

तिथेच एक्झिफ, म्हणजे फोटोसोबत साठवलेल्या माहितीपुढची बरोबरची खूण काढा, नाहीतर फोटोबरोबर घराचं लोकेशनही जाऊ शकतं. व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलात तर ते फाइल पुन्हा दाबून लहान करतं.