भुसावळचे एंजल : आमची वाटचाल

कोलकात्याहून किंवा मुंबईच्या कुर्ला बाजारातून आलेली खोकी उतरवून घ्यायची आणि पिशव्यांतले मासे दोन दिवसांत विकून मोकळे व्हायचे, अशी आमच्या व्यवसायाची रीत होती. आम्ही एंजल हे शोभेचे मासे भुसावळातच पैदा करायचे ठरवले, तेव्हा गावातल्या एका जुन्या दुकानदाराने ‘ॲमेझॉनचा मासा खान्देशचा उन्हाळा काढेल काय?’ असे चारचौघांत हसून विचारले होते.

उन्हाच्या आधी पाण्यानेच छळले. बोअरचे पाणी जड असल्याने जोडी अंडी घाली, पण ती पांढरी पडत. आरओचे पाणी मिसळून पीएच (पाण्याच्या आम्लतेचे माप) साडेसहा ते सातच्या दरम्यान आणल्यावर मात्र, २८ अंशांना दोन-अडीच दिवसांत अंडी फुटू लागली. जोडी जिच्यावर अंडी चिकटवते ती दगडी पाटी, म्हणजे स्लेट, आईबापांच्या तोंडून वाचवून वेगळ्या टाकीत, मिथिलीन ब्लू या बुरशी रोखणाऱ्या औषधाच्या पाण्यात, बुडबुडे सोडणाऱ्या एअर स्टोनजवळ तिरकी उभी करायची आणि पिल्ले पोहू लागली की ताजा आर्टेमिया (कोळंबीच्या जातीचे अगदी बारीक जिवंत खाद्य) द्यायचा, हे आता आमच्या कारागिरांना झोपेतही जमते. कडा घासून गुळगुळीत केलेली पहिली काळी स्लेट अजून वापरात आहे. प्लास्टिकच्या पाइपाने तिची बरोबरी केली नाही, असे आमचे मत आहे.

२००५ नंतरच्या भारनियमनाने आम्हाला जवळजवळ बुडवले. पाणी जितके तापते, तितका प्राणवायू त्यात कमी विरघळतो, आणि पारा ४५ च्या पुढे असताना नेमके पंप बंद पडत. इन्व्हर्टर भर दुपारी मान टाकी. पैदाशीच्या जोड्या वर येऊन हवा गिळू लागत आणि संध्याकाळपर्यंत आडव्या होत. त्याच सुमारास त्या दुकानदाराने बाहेरचा माल आमच्या निम्म्या भावात लावला, शिवाय आमच्या टाक्यांत रोग पडल्याची आवई उठवली. रोग नव्हता, वीज नव्हती. पण ऐकणार कोण? दुकानाचे भाडे थकले आणि निम्म्या टाक्या विकाव्या लागल्या.

तेव्हा रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे एक जुने ग्राहक, ज्यांना आम्ही काकाच म्हणतो, उरलेल्या जोड्या आपल्या घरी घेऊन गेले. जाड भिंतींच्या खोलीत टाक्या मांडून, वीज गेली की ते प्लास्टिकच्या मगाने पाणी उचलून उंचावरून ओतत बसत (तांब्याचे भांडे माशांच्या पाण्यात कधीही घालू नये). आजचे आमचे मार्बल आणि काळे एंजल त्याच जोड्यांचे वंशज आहेत.

पुढची वर्षे बरी गेली. ‘तो’ दुकानदार आता मध्यस्थामार्फत आमचाच माल नेतो. आम्ही त्याला उधार देत नाही.

नवख्यांनी सहा पिल्ले एकत्र वाढवून त्यांना आपली जोडी आपण जमवू द्यावी, कारण लहानपणी नर-मादी ओळखता येत नाही. सोबत टायगर बार्ब सोडल्यास ते लांब पर कुरतडतात, आणि निऑन टेट्रा सोडल्यास मोठा एंजल त्यांना गिळतो. टाकी किमान दीड फूट उंच हवी. बुटकी टाकी असणाऱ्या ग्राहकाला आम्ही एंजल विकत नाही, गप्पी देतो, आणि तो रागावून दुसरीकडे गेला तरी आमची हरकत नसते.